बारा शाफ्ट आणि एक लाटणं

सोमवार, ८ सप्टेंबर १९८६

बंगलोरहून येऊन चार दिवस झाले, तरी कारखान्यात जो तो एकच विचारतो, "मॅडम, तिकडं रोज इडलीच खाल्ली काय?" दहा दिवस डोळ्यांत तेल घालून मी काय शिकले, हे विचारायला कुणालाच सवड नाही. तेव्हा ते या वहीलाच सांगावं म्हणते. वही ऐकून घेते आणि मध्येच चहा मागत नाही.

मोजणीचं नवं यंत्र एकदाचं बसलं. काळ्या कुळकुळीत ग्रॅनाइटचं मेज, त्यावर हवेच्या दाबावर तरंगणारा पूल, पुलाला लोंबती दांडी आणि दांडीच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढा माणकाचा मणी. दांडी हाताने धरायची आणि मणी वस्तूला टेकवायचा. जिथे टेकेल तिथला ठावठिकाणा शेजारचा कॉम्प्युटर टिपून घेतो, तोही मिलिमीटरचे हजार भाग करून. त्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. भंडारा जिल्ह्यात हे मोजणारी मी एकटीच असेन, असं मला वाटतं. खरं-खोटं माहीत नाही, पण वाटायला काय जातं!

आज साहेबांनी यंत्राची पूजा ठेवली होती. गेटवरचे दादाजी नारळ घेऊन आत आले. एवढा सपाट, काळाभोर दगड बघून त्यांना भरून आलं आणि त्यांनी नारळ थेट ग्रॅनाइटवर आपटायला हात उचलला. मी अशी किंचाळले की साहेबांच्या हातातली उदबत्ती पडली. "इतका मोठा दगड आनला, त कायले आनला मंग?" दादाजी रुसून म्हणाले. नारळ शेवटी बाहेरच्या पायरीवर फुटला.

खोली बारा महिने वीस अंशांवर ठेवायची आहे. बाहेर लोक घाम पुसत फिरतात आणि मी आईची शाल पांघरून बसते. आज पाहून सगळे हसले. हसू देत.

शनिवार, २० सप्टेंबर

लोकांना वाटतं, वस्तू ठेवली की यंत्र आपोआप मोजतं. तसं नसतं. नव्या पाहुण्याला आधी गाव दाखवावं लागतं, तसं यंत्राला आधी सांगावं लागतं की बाबा रे, या वस्तूचं वर कुठे, मध्य कुठे आणि समोर कुठे. याला अलाइनमेंट म्हणतात. ती चुकली की पुढचे सगळे आकडे चुकतात, आणि चुकीचे आकडेही तितक्याच सुबक अक्षरांत छापून येतात.

बंगलोरच्या सरांनी शिकवायला थाळीएवढी एक चकती दिली होती. त्या चकतीवर मी पाठच करून टाकलंय: आधी तोंड, मग घेर, मग दिशा. सपाट तोंडावर चार ठिकाणी मणी टेकवला की 'वर' कळलं. घेरावर चार ठिकाणी टेकवला की मध्य कळला. एखादी खाच धरली की दिशा कळली. कुठलीही गोल वस्तू येऊ दे, माझा मंत्र तयार आहे.

काचेबाहेर आजही पुंडलिकराव उभे होते. लेथवर लोखंड कातणारे सगळ्यात जुने कारागीर. सव्वीस वर्षांत त्यांचा एक नग बाद झालेला नाही म्हणतात. तेलकट कपड्यांना या खोलीत मज्जाव, त्यामुळे हात मागे बांधून बाहेरून टक लावून बघत राहतात. मी कधी चुकते याची वाट बघत असणार. पॉलिटेक्निकची पोरगी, तीही एकोडीसारख्या खेड्यातली, आपल्या हातचं काम तपासणार म्हणजे पोटात दुखणारच. मीही मुद्दाम ताठ बसते. ते गेल्यावर काचेवर त्यांच्या नाकाचा डाग राहिला होता. तोही मलाच पुसावा लागला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

पहिलं मोठं काम आलं. पंपाचे बारा शाफ्ट, हातभर लांब, मनगटाएवढे जाड आणि आरशासारखे लखलखीत. पुंडलिकराव नोव्हेंबरअखेर निवृत्त होतायत, त्यांचा हा शेवटचा लॉट. ट्रॉली स्वतः ढकलत आले होते. एकेक नग वेगळ्या कापडात गुंडाळलेला. दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, सांभाळून धरजो. आतमधी लय थंडी असते म्हनतेत." लोखंडाला थंडी वाजते की काय, कुणास ठाऊक.

शाफ्टच्या तोंडावर कसला तरी लाल डाग होता. रंगकामवाल्याने हात लावला असेल. अकरा नगांचे डाग कोरड्या फडक्याने पुसत बसले. बारावा तेवढा स्वच्छ निघाला. खोलीत पेट्रोल आणायला साहेबांची बंदी आहे, नाहीतर एका बोळ्यात काम झालं असतं.

उद्या मोजणार. आज झोप येणार नाही, इतका आनंद झालाय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

अकरा नग बाद.

मंत्राप्रमाणेच सगळं केलं. शाफ्ट उभा धरला, वरच्या तोंडावर चार ठिकाणी मणी टेकवला, मग घेर, मग चावीची खाच. तिथून खाली हातभर अंतरावर शाफ्टचा मध्य कुठे आहे ते पाहिलं, तर तीन दशांश मिलिमीटर बाजूला! परवानगी त्याच्या सहाव्या हिश्शाची. आणि अकराच्या अकरा एकाच बाजूला कललेले. म्हणजे योगायोग नाही, लेथच बिघडलाय किंवा हात. बारावा एकटा पास झाला. नशीब त्याचं.

साहेबांना कागद दिला. माझ्या सहीचा पहिला अहवाल. आनंद व्हायला हवा होता.

सोमवार, २० ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत पुंडलिकरावांनी मला लेथपाशी बोलावलं. बाद झालेला एक शाफ्ट लेथच्या दोन सेंटरांमध्ये, म्हणजे टोकदार खुंट्यांमध्ये, धरून वर बारीकसा कल दाखवणारी डायल टेकवली होती. बोटाने शाफ्ट हळूच फिरवला. डायलची सुई झोपी गेल्यासारखी पडून होती.

"पाय. हालते काय?"

"नाही, काका."

"मंग?"

मी म्हणाले, तुमचे सेंटरच झिजले असतील. ठसक्यात म्हणाले. खरं तर तीन दशांश म्हणजे काही थोडंथोडकं नाही, डायललाही दिसायला हवं, हे मनात आलं होतं. पण बंगलोरला जाऊन आलेली मुलगी लेथपाशी उभी राहून 'मला कळत नाही' कशी म्हणणार?

मला वाटलं ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. शाफ्ट काढून कापडात गुंडाळला आणि म्हणाले, "मशीन खोटं नाई बोलत, बाई. माही नजरच म्हातारी झाली असन."

डबा तसाच परत आणला.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पुंडलिकरावांनी साहेबांना सांगितलं की मला दिवाळीलाच मोकळं करा, निरोपसमारंभ वगैरे नको. साहेबांनी समजावून महिनाभर थांबवलं आहे. पण नियम तो नियम. बाद माल चुकून गिऱ्हाइकाकडे जाऊ नये म्हणून त्याचे दोन तुकडे करतात. सुट्टीनंतर, दहा तारखेला, अकरा शाफ्ट कापणार.

मी सगळे नग पुन्हा तीनदा मोजले. आकडे तेच. पुन्हा पुन्हा तेच आकडे आले की आपण बरोबर असतो, असं बंगलोरचे सर म्हणाले होते. असंच म्हणाले होते ना?

आता ते काचेपाशी येत नाहीत. काच स्वच्छ आहे. मला ते अजिबात आवडत नाहीये.

रविवार, ९ नोव्हेंबर, एकोडी

घाईघाईने लिहितेय, अक्षर कसंही येऊ दे!

आज गावची मंडई. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. सासरी गेलेल्या पोरी, पाहुणे, दंडार नावाचं लोकनाट्य करणारे, सगळे एका दिवशी गावात. सकाळपासून आईच्या मागे मागे फिरत होते. बाबा दंडारीच्या ढोलकीपाशी जे अडकले ते अडकलेच. आईला लाटणं घ्यायचं होतं. लाटणंवाल्याने वीसेक लाटणी फळीवर उभी मांडून ठेवली होती. त्यातलं आईने उचललेलं एक जरा कललेलं दिसत होतं. मी लगेच शहाणपण पाजळलं.

"आई, हे नको. उभं केलं की कलतं, वाकडं आहे ते."

आई हसायलाच लागली. लाटणंवाल्यालाही हसू आवरेना. "बंगलोरले जाऊन हेच शिकली काय वं, रुखमे? लाटनं का उभं करून पायतेत? त्याच्या बुडाले का पोळी लाटाची हाय? लोळवून पाय!" आणि तिने ते लाटणं पोळपाटावर ठेवून तळहाताने ढकललं. सरळ, न डुगडुगता, टोकापर्यंत गेलं. "पोळपाट टेकवून पायतेत. लाटनं लोळवून पायतेत. एवढं त आंधळ्यालेबी समजते."

मी तिथेच मातीत बसले. आईला वाटलं, उन्हाने चक्कर आली.

चकती म्हणजे पोळपाट! रुंद तोंड, जेमतेम उंची. तिचं तोंड धरून 'वर' ठरवलं तर बरोबरच येणार. पण शाफ्ट म्हणजे लाटणं. त्याचं तोंड केवढंसं! त्या एवढ्याशा तोंडावर केसाएवढी खोट असली तरी हातभर खाली ती दहापट होते. शाफ्टचा कणा आधी धरायचा. खाली एक घेर, वर एक घेर, दोन्हींचे मध्य जोडणारी रेघ म्हणजे कणा. तोंडाने फक्त सांगायचं की मोजायला सुरुवात कुठून. मी बारा लाटणी बुडावर उभी करून पाहिली आणि अकरा वाकडी ठरवली!

चूक माझी आहे. पुंडलिकरावांची नजर म्हातारी झालेली नाही. माझीच अजून उघडायची होती. लाज वाटते, आणि तरी नाचावंसं वाटतंय.

दहा तारीख उद्याच आहे. पहाटेची पहिली एसटी धरते. लाटणं बरोबर नेते आहे, साहेबांना शब्दांनी समजेल असा भरवसा नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

बस वाटेत साकोलीला अर्धा तास रखडली. भंडाऱ्याच्या स्टँडवरून कारखान्यापर्यंत पळत गेले, एका हातात चपला, दुसऱ्या हातात लाटणं. जवाहरनगरला कामाला जाणारी माणसं बसच्या रांगेतून बघत होती. त्यांना वाटलं असेल, ही कुणाला मारायला निघाली!

आत पोचले तर करवतीचं मशीन सुरू झालेलं. पहिला शाफ्ट पकडीत आवळलेला, आणि पुंडलिकराव स्वतः उभे. दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. "माह्या हातचं हाय, मीच तोडतो."

पातं खाली यायला लागलं. मी ओरडले, पण करवतीच्या आवाजात काय ऐकू जाणार? मग सुचलं ते केलं. लाटणं पात्याखाली शाफ्टवर आडवं घातलं. कर्रर्र झालं, भुसा उडाला, पुंडलिकरावांनी झटकन बटण दाबलं. आईच्या कोऱ्या लाटण्याला बोटभर खोल खाच पडली. शाफ्टवर ओरखडाही नाही.

"येडी झालीस काय, पोरी? हात गेला असता ना!" ते मला मागे ओढत ओरडले.

"काका, शाफ्ट सरळ आहेत. मीच चुकले."

तोवर साहेब आले, सगळं खातं गोळा झालं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक मोजणाऱ्याची आहे. साहेबांच्या टेबलावर त्यांची चहाची बशी ठेवली आणि शेजारी लाटणं उभं केलं. बशी कशी बसते बघा. लाटणं कसं कलतं बघा. आता तेच लोळवते, बघा. खाच पडलेली असूनही ते फायलींपर्यंत सरळ गेलं. साहेबांनी स्वतः ते एकदा परत लोळवलं. मग घड्याळ बघून म्हणाले, "जेवणाच्या भोंग्यापर्यंत वेळ देतो."

शाफ्ट उभा केला. खाली चार ठिकाणी मणी टेकवला, वर चार ठिकाणी. कणा ठरला. मग तोंडावर एकदाच टेकवून शून्य, मग खाचेवरून दिशा. कागदाची पट्टी करकरत बाहेर आली. सहा मायक्रॉन! पन्नासची मुभा आणि सहा! दुसरा चार. तिसरा सात. बाराही पास. भोंग्याआधी दहा मिनिटं उरली होती. मी त्या थंड खोलीत घामाने भिजले होते.

एक गोष्ट मात्र टोचत होती. तोंडावरून मोजलं तरी एवढं कलणं, तेही नेमक्या अकरा नगांत आणि एकाच बाजूला का यावं? तोंडं भिंगाखाली धरली. सेंटरच्या टोकासाठी पाडलेल्या मधल्या भोकाच्या जरा वर, प्रत्येकावर एकाच जागी, पुसट लालसर थर वाळून चिकटलेला. साहेबांच्या बंदीला न जुमानता पेट्रोलचा बोळा आणला. लाल झाला. नाकाशी धरला आणि पेट्रोलच्या वासातूनही कळलं. खोबरेल आणि कुंकू.

बोळा घेऊन लेथपाशी गेले. पुंडलिकराव आधी जमिनीकडे बघायला लागले. मग कानापर्यंत लाजले. साठीला आलेला माणूस!

"आखरी लॉट होता ना, बाई. लेकी सासरी जातेत, त कपाळ सुनं कसं धाडाव? म्हनून लावला एकेक टिळा. तुयी मशीन त्याच्यावर बोट ठेवन, हे मले काय ठाव?"

"आणि बारावीला का नाही लावला?"

"डब्बी सरली," ते अगदी हळू म्हणाले. "तिले तसंच धाडलं. लय जिवाले लागलं माह्या."

मी हसत होते की रडत होते, मलाच कळलं नाही. सगळं खातं हसत होतं, हे मात्र नक्की.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तपासणीच्या नोंदवहीत लाल शाईने लिहिलं: 'लॉट निर्दोष. आधीचा अहवाल रद्द. अलाइनमेंट चुकीची, तपासनीस रुखमिणी.' साहेब म्हणाले, नाव लिहायची गरज नव्हती. मी म्हणाले, पहिल्या अहवालावर होतं ना?

पुंडलिकराव काचेपाशी परत आले. नाकाचा डाग आज मी पुसला नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

निरोपसमारंभ झाला, आणि काय झाला! पण माझ्यासाठी समारंभ त्याआधीच होऊन गेला.

मी साहेबांना अर्ज केला होता की पुंडलिकरावांना एकदा आत येऊ द्या. ते सकाळीच आले. धुतलेलं धोतर, कोट, नळावर पाय धुतलेले. दारात नमस्कार करून आत आले. मी त्यांच्या हातात दांडी दिली. जरासं ढकललं तर एवढा मोठा पूल सरकत गेला.

"अवं, हे त वैनगंगेतल्या डोंग्यावानी चालते!" आणि लहान पोरासारखे हसत सुटले. दहा मिनिटं नुसतं इकडून तिकडे, तिकडून इकडे.

मग एक शाफ्ट त्यांनी स्वतः लावला. खाली चार, वर चार. मी सांगायच्या आधीच हात योग्य जागी जात होता.

"काका, तुम्हाला कसं माहीत?"

"दोन महिने काचेतून का गंमत पायत होतो?"

"मला वाटायचं, तुम्ही माझ्या चुका बघताय."

"चुका? पोरी, मी त त्या मन्याकडं पायत होतो. वाटे, एकडाव तरी हात लावाले भेटन काय."

सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या मनात एवढं साधं होतं, आणि मी रोज ताठ बसत होते! मला स्वतःचा राग आला आणि त्यांच्यावर फार माया आली. त्यांच्यासमोर ते बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

दुपारी गोदावरीबाई आल्या, पुंडलिकरावांच्या घरच्या. हार-तुरे झाल्यावर त्या थेट माझ्यापाशी आल्या. "तूच काय ते लाटनंवाली? माही कुंकवाची डब्बी दीड महिना घरात शोधून राहिली मी. अन् ह्याईनं इथं आनून लोखंडाले फासली!" डबी त्यांनी घरून पुन्हा काठोकाठ भरून आणली होती. माझ्या कपाळाला टिळा लावला आणि डबी माझ्याच हातात ठेवली. "ठेव तुयापाशी. इथं कामाची हाय."

पुंडलिकरावांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. सागवानी लाटणं, लेथवर काढलेलं. "तुह्या मायले दे. तिचं आपन तोडलं."

ते मी यंत्रावर चढवलं नाही. टेबलावर लोळवून पाहिलं.

सोमवार, १५ डिसेंबर

पुंडलिकरावांच्या लेथवर आता श्यामराव आहेत. त्यांचा पहिला लॉट आज आला, दहा शाफ्ट. कापडात गुंडाळलेले नव्हते, एका पेटीत होते. तोंडं पेट्रोलने पुसली. बोळा पांढराच्या पांढरा. चांगलंच झालं म्हणायचं, पण काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

खाली चार, वर चार. कणा, मग तोंड, मग खाच. नऊ नग लगेच पास झाले. दहावा काठावर होता, पण तोही पास झाला. कागदावर सही केली.

मग खण उघडून डबी काढली आणि दहाही जणींना मधल्या भोकाच्या जरा वर टिळा लावला. बोटाला उरलं ते स्वतःच्या कपाळाला लावलं. काचेबाहेरून श्यामराव तोंड उघडं टाकून बघत होते.

डबीत अजून पुष्कळ आहे. आता कुणीच तशी जायची नाही.